आजीला काय झालंय?

आमच्या शेजारच्या आजींना काहीही झालेलं नाही, आणि त्यामुळे एका होतकरू डॉक्टरचं भवितव्य धोक्यात आलं आहे.

आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी पर्वती चढतात, उतरताना भाजी घेतात आणि भाजीवाल्याशी भांडून कोथिंबीर फुकट आणतात. साखर नॉर्मल, प्रेशर नॉर्मल, गुडघे स्वतःचे. नातू न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला पुढे मेडिकलला जायचंय. तिकडे आधी चार वर्षं पदवीची, मग चार वर्षं मेडिकलची, आणि या दोन्हींच्या मधल्या उंबरठ्यावर एक निबंध. विषय वर्षानुवर्षं एकच : तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय? या निबंधाला घरच्यांनी शिकवणी लावली आहे. तासावर पैसे, पॅकेज घेतलं तर दुरुस्त्या अमर्याद. पहिल्याच तासाला कोचने विचारलं, 'घरात कोणी आजारी आहे का?' नातवाने खरं ते सांगितलं, 'नाही.' कोच जरा वेळ गप्प बसला. मग आशेने म्हणाला, 'आजी तर असेल?'

तेव्हापासून रोज रात्री आजींना व्हिडिओ कॉल येतो.

'आजी, तुला काय होतंय?'

'काही नाही रे बाळा. तू जेवलास का?'

'नीट आठव ना. छातीत वगैरे?'

'छातीत कशाला होईल?'

'हात थरथरतात का तुझे?'

आजींनी हात समोर धरून बघितला. हात दगडासारखा स्थिर. ज्या हातात फोन होता तो मात्र खाली गेला, त्यामुळे नातवाला पुढची दहा मिनिटं छताचा पंखा आणि आजींचा डावा कान एवढंच दिसलं. तेवढ्यावर तो म्हणाला, 'आजी, तुझं वजन कमी झालंय का?'

अखेर खूप खोदल्यावर एक मोतीबिंदू सापडला. गेल्या दिवाळीनंतर आजींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी गेल्या, दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला, संध्याकाळी काळा चष्मा लावून मालिका बघायला बसल्या. डॉक्टरांनी टीव्ही नको म्हटलं होतं, म्हणून एकाच डोळ्याने बघितली. आणि तरीही खलनायिकेचं कारस्थान दोन डोळेवाल्यांच्या आधी ओळखलं. नातवाने विचारलं, 'त्या काळोखात तुला भीती वाटली का?' आजी म्हणाल्या, 'काळोख कसला? एक डोळा उघडा होता की.'

निबंधात हे असं उतरलं : मंद प्रकाशातला वॉर्ड. आजीचा कागदासारखा पातळ, सुरकुतलेला हात नातवाच्या तरुण हातात. ती क्षीण आवाजात विचारते, 'मला तुझा चेहरा पुन्हा दिसेल ना रे?' आणि त्या क्षणी त्याला उमगतं की वैद्यक म्हणजे नुसतं विज्ञान नव्हे.

वस्तुतः त्या क्षणी नातू न्यू जर्सीत झोपला होता, कारण तिकडे रात्र होती. आजींचा हात त्या दिवशी कोणी धरला असेलच तर तो नर्सने, संमतिपत्रावर सही कुठे करायची ते दाखवायला.

पण खरी मजा पुढेच आहे. चौथ्या तासाला कोच म्हणाला, आजी काढून टाक. आज्या फार झाल्या आहेत. निवड समितीतल्या माणसाने आजीचा हात वाचला की त्याला जांभई येते. आजी घिसीपिटी झाली. म्हणजे पहिल्या तासाची फी आजी घालायची आणि चौथ्या तासाची फी तीच आजी काढायची. आजी काढल्यावर निबंधात उरलं काय? 'मला विज्ञानाची आवड आहे आणि लोकांना मदत करायला आवडते.' हे म्हणे त्याहून घिसंपिटं. तेव्हा पाचव्या तासाला आजी परत आल्या, पण वेगळ्या कोनातून. आता हात नाही, वास. आजीच्या पदराला येणारा हळदीचा वास, खोकला झाला की आजीने दिलेलं हळदीचं दूध, त्या दुधातून जागं झालेलं कुतूहल, कुतूहलातून कर्क्युमिन, कर्क्युमिनमधून औषधशास्त्र आणि तिथून थेट पांढरा कोट. शेवटच्या परिच्छेदात हळद पुन्हा यायला हवी, कारण वर्तुळ पूर्ण झालं नाही तर कोचला झोप लागत नाही. हा मसुदा नातवाने आजींना वाचून दाखवला, मराठीत समजावून. आजी म्हणाल्या, 'मला मेलं हळदीचं दूध मुळीच आवडत नाही. मी कॉफी पिते. आणि तुझ्या खोकल्याला सिरप दिलं होतं, लाल, केमिस्टकडचं.' कोचच्या हिशेबी आजी आता असहकार करताहेत.

हे सगळं बसवायचं 5300 अक्षरांत, आणि त्यात मोकळ्या जागाही धरतात. म्हणजे दोन शब्दांमध्ये श्वास घ्याल तोही मोजून. ब्रिटनमध्ये 4000 अक्षरं देतात. तिथे 2026च्या प्रवेशापासून सलग निबंध रद्द करून तीन प्रश्न केलेत, म्हणजे एकाच आजीला आता तीन ठिकाणी थोडं थोडं आजारी पडावं लागेल. अमेरिकेत निबंधाबरोबर पंधरापर्यंत उपक्रमांची यादी द्यायची, प्रत्येकाला सातशे अक्षरं. त्यासाठी नातू मागे डिसेंबरात येऊन एका आदिवासी पाड्यावरच्या शिबिरात लोकांच्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळून गेला. पाड्यावरच्यांना अजून वाटतं की तो पट्टा विकायला आला होता. एवढं झालं की बहुतेक कॉलेजांचा आणखी वेगळा निबंध : 'आमचंच कॉलेज का?' याचं खरं उत्तर 'तुम्ही घेतलंत तर तुम्हीच' हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, विचारणाऱ्यालाही. पण खरं उत्तर दिलं तर शिकवणी कशाला लागेल?

अर्जाच्या शेवटी मुलाने लिहून द्यायचं असतं की हे लेखन माझं स्वतःचं आहे. सल्ला चालतो, तपासणी चालते, दुरुस्ती चालते, हल्ली एआयकडून सुचवून घेतलेलंही चालतं. फक्त अखेरचा मजकूर तुमचा आणि तुमच्या अनुभवाचा हवा. कोच या नियमाचा फार आदर करतो. विचार तुमचेच, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचे फक्त शब्द, क्रम, सुरुवात, शेवट आणि आजी.

इथे आपल्याकडच्या वाचकांनी छाती फुगवायचं कारण नाही. 'आमच्याकडे बुवा असली नाटकं नाहीत, सगळं मेरिटवर.' अगदी बरोबर. आमच्याकडे नीटला 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. वनस्पतींच्या मुळांपासून माणसाच्या मूत्रपिंडापर्यंत सगळं विचारतात. दर साल वीस लाखांवर मुलं हा पेपर देतात, पण डॉक्टर का व्हायचंय हा 181वा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. विचारलाच तर पर्याय तयार आहेत : अ, बाबांचं हॉस्पिटल आहे. ब, बाबांचं हॉस्पिटल नाही. क, आत्याचा मुलगा झाला. ड, वरीलपैकी सर्व. अ आणि ब एकमेकांच्या विरुद्ध असूनही बरोबर उत्तर ड. तिकडे 'का' या प्रश्नाचं उत्तर विकत मिळतं, इकडे प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेर आहे.

आणि या दोन्ही वाटांनी पोचलेला डॉक्टर शेवटी माझ्या वाट्याला एकच येतो. गेल्या महिन्यात पाठ धरली म्हणून एका हॉस्पिटलात गेलो. दोन तास बाकावर, मग चार मिनिटं आत. डॉक्टरसाहेब संगणकाकडे बघत म्हणाले, 'बोला.' मी बोललो. ते टाइप करत राहिले. नाडी म्हणजे बोटाला लावलेला चिमटा. पाठीला हात? अहो, पाठ बघितलीसुद्धा नाही; पाठीचा एमआरआय बघू म्हणाले. मी मुद्दाम शर्ट वर करून उभा राहिलो, तर म्हणाले, 'बाहेर बिल भरून या.' ज्या व्यवसायात शिरताना 5300 अक्षरं आजीचा हात धरून बसायचं, त्यात शिरल्यावर हाताला हात लागू नये ही काय जादू आहे? का सगळा स्पर्श निबंधातच संपतो, आणि ओपीडीला काही उरतच नाही? तुम्हाला माझ्यासाठी अश्रू ढाळायला कोणी सांगितलंय? मान वर करा! एवढीच मागणी आहे. मान वर करून एकदा माणसाच्या तोंडाकडे बघा. त्याला कोच लागत नाही, पॅकेज लागत नाही, फक्त मान लागते.

पण खरा संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच न्यू जर्सीत अशा मुली आहेत ज्यांच्या आईला इंग्रजी येत नाही. आई कुणाकडे स्वयंपाक करते नाहीतर दुकानात उभी राहते. आईला दवाखान्यात न्यायचं तर दुभाषी म्हणून मुलगी जाणार, आठवी-नववीपासून. आईला जे आजवर कुणापुढे बोलता आलं नाही ते डॉक्टरला इंग्रजीत सांगायचं, डॉक्टर जे सांगेल ते घाबरू नये अशा बेताने आईला सांगायचं, गोळीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं, विम्याच्या फोनवर पाऊण तास संगीत ऐकत थांबायचं. या मुलीला डॉक्टर का व्हायचंय हे विचारायचीसुद्धा गरज नाही. पण ती ते निबंधात लिहीत नाही, कारण तिच्या लेखी ते घरकाम आहे. घरकाम कोणी अर्जात लिहितं का? हा अनुभव आहे, हाच निबंध आहे, असं तिला सांगणारं कोणी असेल तर कॉलेजातला एखादा सल्लागार, आणि त्याच्या दाराशी रांग. अर्जाच्या फीत गरिबांना सवलत मिळते, पण ती फक्त फीत. म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. आणि कोच मात्र चणे असणाऱ्यांना तासावर कवळी भाड्याने देतो.

बरं, नातू वाईट मुलगा नाही हो. अभ्यासू आहे, मान वर करून बोलतो, आजींना अजून 'अगं' म्हणतो. वीस वर्षांचा आहे. विसाव्या वर्षी कुणाला आपण काय आणि का करतोय हे नीटसं ठाऊक असतं? 'मला बहुतेक हे जमेल आणि आवडेलही' इतकं प्रामाणिक वाक्य त्या वयाला शोभून दिसतं. तेवढं एक वाक्य लिहायची परवानगी त्याला या अख्ख्या व्यवहारात कोणीही दिलेली नाही.

म्हणून निवड समित्यांना माझी सूचना आहे : निबंध वाचू नका, आजींना फोन लावा. मी परवा सहज विचारलं, 'आजी, तुमच्या नातवाला डॉक्टर का व्हायचंय हो?' शेंगा सोलता सोलता आजी म्हणाल्या, 'ते मला काय ठाऊक? पण लहानपणी सुट्टीत आला होता तेव्हा खालच्या मांजराच्या पायात काच गेली होती. कोणी जवळ जाईना, ते फिस्कारत होतं. हा दुपारभर जिन्यात त्याच्याशेजारी नुसता बसून राहिला. ते शांत झाल्यावर काच काढली. ओरबाडलं त्याला, तरी सोडलं नाही. रक्ताला भितो म्हणून तोंड दुसरीकडे केलं होतं, पण काढली.'

ही गोष्ट नातवाने कोचला दुसऱ्याच तासाला सांगितली होती. कोच म्हणाला, मांजर नको, जनावरांच्या डॉक्टरांचा फॉर्म वेगळा असतो.