कुलनाम-निवड : शिर्डी व परिसरातील पालकांसाठी मार्गदर्शन

शिर्डी आणि राहाता तालुक्यातील लगतच्या गावांत मुलाचे नाव काय ठेवावे हा प्रश्न बहुतेक घरांत पडतच नाही. 'साई'पुढे काय जोडावे एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचीही नाथ, राज, प्रसाद, किरण, दीप अशी उत्तरे ठरलेली असल्यामुळे हजेरी घेताना गुरुजींनी नुसते 'साई' एवढेच म्हटले तर निम्मी बाके 'हजर' म्हणतील, असे मानण्यास जागा आहे. आडनावाचा आधार घ्यावा, तर कोते, गोंदकर, शेळके ही गावातली जुनी आडनावेही घरोघरची असल्याने शेवटी भूगोलाला शरण जावे लागते आणि पेरूच्या बागेतला साई, पाटाकडचा साई, वेशीजवळचा साई अशी विभागणी करावी लागते. ज्या पालकांना आपला मुलगा बागेचा संदर्भ न देता ओळखला जावा असे वाटते, त्यांच्यासाठी कुलनाम हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

कुलनाम म्हणजे येथे आडनाव अभिप्रेत नाही, कारण आडनावाची निवड करता येत नाही. ते सातबाऱ्यासारखे वारशाने येते. आपल्याच कुळातील एखाद्या पूर्वजाने वापरलेले आणि निदान दोन पिढ्या कोणी न उचललेले पाळण्यातले नाव, ही कुलनामाची कामचलाऊ व्याख्या होय. यातील दुसरी अट सोडता येत नाही, कारण नावाचा मूळ धनी ओट्यावर तंबाखू मळत बसलेला असताना तेच नाव नातवाला दिल्यास, आपल्या जाण्याची घरात वाट पाहिली जात आहे, असा त्याचा समज होतो आणि त्याचे पडसाद थेट वाटणीपर्यंत पोचतात.

अशी नावे सापडण्याचे ठिकाण म्हणजे जुने दप्तर. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यानंतर मराठवाड्यात आणि नंतर राज्यभर लोकांनी माळ्यावरच्या पेट्या उतरवल्या, मोडी वाचणारे गाठले आणि प्रमाणपत्राच्या शोधात असताना पणजोबांची ओळख करून घेतली, हा त्या खटाटोपाचा फारसा न नोंदला गेलेला लाभ होय. या कागदांत 'राणू वल्द खंडू' अशा धर्तीच्या नोंदी आढळतात. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, त्यामुळे एका ओळीत दोन पिढ्यांची नावे हाती लागतात. घरात कागद नसल्यास नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात, कारण यजमानांच्या पिढ्या त्यांत गावाप्रमाणे लावून ठेवलेल्या असतात. मात्र तेथे गेलेल्या माणसाने श्राद्ध न करता केवळ नाव उतरवून परत येण्याची अपेक्षा धरू नये.

सापडलेल्या नावांपैकी सखाराम, गोविंदा ही नावे सज्जन असली तरी अनोखी नसल्याने बाजूला ठेवावीत. खंडोबाच्या कुळाचारातील मल्हारी, मार्तंड ही नावे त्यांहून भारदस्त असून, त्यांतही म्हाळसापती, म्हणजे म्हाळसेचा पती, या नावाला शिर्डीत तोड नाही. खंडोबाचे पुजारी म्हाळसापती यांनी देवळापाशी आलेल्या तरुण फकिराला 'आवो साई' म्हणून हाक मारली, अशी परंपरा आहे. तेव्हा साऱ्या पंचक्रोशीचे पाळणे साईमय करणारा उच्चार ज्यांच्या मुखातून निघाला, त्यांचेच नाव निवडणे हा एक प्रकारचा ऐतिहासिक न्याय ठरेल. उरलेला वर्ग दगडू, धोंडू, केरू, भिका यांचा. आधीची मुले दगावलेल्या घरात नव्या जिवाकडे काळाचे लक्ष जाऊ नये म्हणून टाकाऊ वस्तूचे नाव ठेवण्याची ही रीत होती, म्हणजे दगडू हे नाव वरून कितीही कठीण वाटले तरी त्याच्या मुळाशी भेदरलेली माया आहे. 2014 च्या 'टाईमपास' चित्रपटाने दगडूला नायकपद मिळवून दिले, तरी पाळण्याजवळ तो शब्द काढून पाहावा आणि बाळंतिणीच्या आईचा चेहरा पाहून पुढचे ठरवावे.

यानंतर नावरस अक्षराचा अडथळा येतो. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून एकशे आठ अक्षरे होतात आणि जन्मवेळेच्या चरणावरून मुलाचे आद्याक्षर ठरते. मात्र आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' आणि हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' आलेला असल्याने त्या घटकांत जन्मलेल्या बालकांपुढे मराठी भाषाच हात टेकते. अशा वेळी गुरुजी जवळचे अक्षर सुचवतात, आणि एकदा सूट मिळते हे कळले की तीच सवलत म्हाळसापतीसाठीही मागावी.

बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि नाव जाहीर होते. परंतु येथून पुढे कुलनामाची खरी कसोटी लागते. नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही हा दंडक पाळणाऱ्या आजीबाई आणि पणजीबाई अजून घरात असल्यास, ज्या नावासाठी नाशिक गाठले त्या नावाने मुलाला रागावता येत नाही, मग लाडाने हाक मारणे तर दूरच, आणि आठवड्याभरात पोराचा 'भाऊ', 'सोन्या' किंवा 'बाळ्या' होतो. यात नवल मानू नये. साईबाबांनी स्वतःचे पूर्वीचे नाव कोणाला सांगितले नाही, उलट आल्यागेल्यांची नावे मात्र बदलली. माधवराव देशपांड्यांचा श्यामा झाला, काकासाहेब दीक्षितांचा लंगडा काका झाला, आणि 1910 मध्ये आलेल्या गोविंद रघुनाथ दाभोळकर या मॅजिस्ट्रेटांना, शिर्डीतल्या एका वाड्यात 'गुरूची गरज काय' यावर वाद घातल्याबरोबर, यादवांच्या काळातील प्रधान हेमाद्रीवरून 'हेमाडपंत' हे नाव मिळाले, जे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथावर मिरवले. जिल्ह्याचेही नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण यष्टीत चढणारा माणूस आधीही 'नगर'चे तिकीट मागत होता आणि आताही तेच मागतो.

तरीही कागद पक्का करावा. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, आणि 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम असल्याने म्हाळसापतीनंतरही बरीच जागा लागते, हे अर्ज भरण्यापूर्वी रकान्यांकडे पाहून ठरवावे. घरातले एकमत लांबल्यास घाबरू नये, कारण नोंदीत नाव घालण्यास बारा महिन्यांपर्यंत शुल्क लागत नाही आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुभा मिळते. मात्र पंधराव्या वर्षी मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर असतो, त्याला स्वतःला साईराज हवे असते, आणि त्याच्याशी वाद कसा घालावा हा विषय प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे.