घोडी, खच्ची घोडा आणि काचेची गोटी

काऊबॉय म्हटला की हॅट दिसते, बूट दिसतात, कमरेचं पिस्तूल दिसतं. त्याच्या बुडाखालचं जनावर नर आहे, मादी आहे की मध्येच कुठेतरी राहिलेलं आहे, हे मॅटिनीला शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकाने कधी विचारलं नाही. सिनेमात रॉय रॉजर्सचा ट्रिगर चांगला सोनेरी, आयाळदार, अंडील घोडा होता आणि पडद्यावर तो शोभलाही. पण टेक्सासच्या खऱ्या रँचवर गुरांमागे दिवसभर फिरायला असला घोडा सहसा कोणी काढत नाही. त्याचं अर्धं लक्ष गाईंवर आणि उरलेलं अर्धं वाऱ्यावरून येणाऱ्या कुठल्यातरी घोडीच्या वासावर. त्यामुळे निवड उरते ती दोघांत : घोडी, नाहीतर खच्ची केलेला घोडा.

या निवडीवरून रँचवाल्यांमध्ये जेवढी तोंडं वाजतात, तेवढी तिथल्या निवडणुकीतही वाजत नसतील. इंग्रजी बोलणाऱ्या घोडेवाल्यांमध्ये एक म्हणच आहे, की खच्ची घोड्याला सांगावं, घोडीला विचारावं आणि अंडील घोड्याशी चर्चा करावी. विचारल्यावर घोडी ‘नाही’ म्हणाली तर पुढे काय, याबद्दल म्हण गप्प आहे.

खच्ची घोड्याचे चाहते संख्येने नेहमीच जास्त. त्यांचं म्हणणं असं, की हा प्राणी रोज सारखा असतो. सोमवारी जसा, तसाच शुक्रवारी. कचेरीत कायम झालेल्या कारकुनासारखा तो वेळेवर येतो, फार उत्साह दाखवत नाही आणि वरच्या जागेवर डोळा ठेवत नाही. घोडीचा मात्र नेम नाही. आज कान पुढे, उद्या कान मागे, परवा शेपटी फटकारणं. हे सगळं ऐकलं की वाटतं, खच्ची घोड्याची थोरवी त्याच्या शांत पाठीत आहे. पण जुन्या काऊबॉयांनी त्याला पसंत केलं, त्यात पाठीचा संबंध थोडा आणि रात्रीचा जास्त.

1866 पासून पुढची वीसेक वर्षं टेक्सासमधली गुरं हजारोंच्या कळपांनी उत्तरेकडच्या रेल्वेस्टेशनांपर्यंत चालवत नेली जात. या प्रवासात एका काऊबॉयला एक घोडा पुरत नसे. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीच्या पहाऱ्याचा तर खास वेगळा. मोकळ्या घोड्यांचा हा सगळा ताफा म्हणजे ‘रेमुडा’. तो सांभाळायचं काम बहुधा तांड्यातल्या सगळ्यात कोवळ्या आणि सगळ्यात कमी पगाराच्या पोराकडे असे. आता या ताफ्यात एक घोडी सोडून पाहा. खच्ची केलेले असले म्हणून काय झालं, घोडे तिच्याभोवती घुटमळणार, एकमेकांना चावणार, लाथा झाडणार. त्यातून बाईसाहेबांना माहेरच्या कुरणाची आठवण आली, की त्या चालू लागणार आणि सोबत दोनचार भक्तही नेणार. पहाटे उठून खोगीर हातात घेतलेल्या माणसाला घोडाच सापडत नाही म्हटल्यावर त्या पोराचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून नियम पडला : रेमुड्यात खच्ची घोडेच. घोडी चालते कशी, वळते कशी, गाईला अडवते कशी, हा मुद्दा यात कुठेच नव्हता.

दुसरं कारण त्याहून रोकडं. घोडीच्या पोटात अकरा महिन्यांनी शिंगरू तयार होतं. रँचवाला स्वतःचे घोडे स्वतःच पैदा करणारा. चांगली घोडी कुरणात ठेवली तर ती दरवर्षी एक भांडवल घालते. ती कशाला काट्याकुट्यात पळवायची? खच्ची घोड्याकडून तसलं काही होणार नसल्यामुळे त्याच्या नशिबी पगारी नोकरी. म्हणजे घोडीला घरी बसवलं ते तिच्या किमतीपायी आणि जगात पसरवलं काय, तर तिचा स्वभाव वाईट आहे.

गंमत म्हणजे रेमुड्यात ज्या खोडीपायी घोडीला हाकललं, त्याच खोडीचा खेचरांच्या तांड्यांनी धंदा केला. खेचरांना घोडीचं विलक्षण वेड. एका घोडीच्या गळ्यात घंटा बांधायची, तिला पुढे चालवायचं, की ओझ्याने लादलेली सगळी खेचरं घंटेच्या आवाजामागे निमूट डोंगर चढतात. रात्री चरायला सोडली तरी तिला सोडून लांब जात नाहीत. इथे कोणी तिच्या स्वभावाची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दक्षिण अमेरिकेत तर कहर होता. 1833 साली चार्ल्स डार्विन आजच्या उरुग्वेमधून जात होता. लास वाकासजवळच्या एका मोठ्या शेतावर त्याने पाहिलं, की घोड्यांच्या माद्या दर आठवड्याला केवळ कातड्यासाठी मारल्या जातात आणि त्या कातड्याचे पैसेही किरकोळ. कारण? घोडीला शिकवणं किंवा तिच्यावर बसणं त्या मुलखात हास्यास्पद समजत. पैदाशीखेरीज तिचा एकच उपयोग त्याला दिसला, तो मळणीचा. गोल कुंपणात गव्हाच्या पेंढ्या पसरायच्या आणि त्यांवरून घोड्या फिरवायच्या. आपल्याकडे तिवड्याभोवती बैल फिरायचे, तिकडे घोड्या. उत्क्रांतीचा विचार पुढे ज्याच्या डोक्यात शिजला, त्या माणसाला माणसाच्या मर्दानगीचा हा नमुना जाता जाता पाहायला मिळाला.

अरबस्तानात याच्या बरोबर उलट. बेदुइनांना लढाईला घोडीच हवी. शत्रूच्या तळावर चोरपावलांनी जाताना घोडा समोरच्या घोड्यांना पाहून खिंकाळतो आणि सगळी मसलत चव्हाट्यावर आणतो. घोडी तोंड मिटून असते. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाळवंटातलं मत जरूर ऐकावं. आणि सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोडे बघायला आलेला जाणकार या वादातच पडत नाही. तो आधी अंगावरचे भोवरे तपासतो. गळ्याला देवमण नावाचा भोवरा आहे की नाही? ते ठरल्यावर मग बाकीचं बोलणं.

आता घोडीच्या लहरीबद्दल थोडं न्यायाने बोलू. वसंत ऋतूपासून शरदापर्यंत ती साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते, पाचसात दिवस माजावर असते आणि हिवाळ्यात हा सगळा कारभार बहुधा बंद. म्हणजे तिच्या लहरीला वेळापत्रक आहे. भिंतीवर कॅलेंडर टांगलेल्या माणसाला ती अचानक कशी वाटते, हेच नवल. यावर उपाय म्हणून अल्ट्रेनोजेस्ट नावाचं औषध रोज पाजतात. ते कातडीतून शरीरात शिरतं, त्यामुळे पाजणारी बाई असेल तर हातमोजे घालणं सक्तीचं, नाहीतर घोडीचं चक्र थांबवताना स्वतःचं बिघडायचं. त्याहून चमत्कारिक उपाय गोटीचा. सुमारे पस्तीस मिलिमीटरची काचेची निर्जंतुक गोटी घोडीच्या गर्भाशयात ठेवायची. तिच्या शरीराला गर्भ राहिल्यासारखं वाटतं आणि माज लांबतो. काही घोड्यांच्या बाबतीत हे जमे, बऱ्याच जणी दाद देत नसत. पुढे आत गोटी फुटल्याची उदाहरणं समोर आली आणि पशुवैद्यांनी हा खेळ आवरता घेतला.

खच्ची घोड्याच्या बाजूने बोलणारे एक प्रकरण हळूच झाकून ठेवतात. त्याच्या लिंगाच्या आवरणात मळ साठतो आणि टोकाशी त्याचा घट्ट खडा धरतो. इंग्रजीत त्याला लाडाने घेवड्याच्या दाण्याचं नाव आहे. तो फार वाढला तर लघवीला त्रास. म्हणून मधूनमधून कोमट पाणी आणि हातमोजे घेऊन मालकाला त्या घोड्याखाली वाकावं लागतं. रांगडा, अबोल, सूर्यास्ताकडे दौडत जाणारा काऊबॉय या कामात गुंतलेला सिनेमात एकदाही दिसला नाही.

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हा वाद मापून पाहिला. 2019 मधल्या त्यांच्या पाहणीत घोडेस्वारांनी खच्ची घोड्यालाच पसंती दिली, घोडीबद्दल फारसं कोणी हळवं झालं नाही. मग 2020 मध्ये मालकांनी नोंदवलेलं प्रत्यक्ष वागणं तपासलं, तर पाठीवर बसल्यानंतर दोघांत लक्षणीय फरक नाही. जमिनीवर मात्र होता. खच्ची घोडे दोर आणि झुली जास्त चावतात. घोड्या, त्यांना पकडायला कोणी कुरणात आलं, की जास्त वेळा बाजूला निघून जातात. लगाम घेऊन येणाऱ्या माणसाला पाहून दूर जाणं हे वाईट स्वभावाचं लक्षण की उत्तम निरीक्षणाचं?

गाय कळपातून वेगळी काढण्याचा रँचवरचा खेळ म्हणजे ‘कटिंग’. त्यात पोको लेना नावाच्या घोडीने आधी स्वतः मैदानं गाजवली. मग तिने दोन शिंगरं दिली. थोरला डॉक ओलेना 1970 ची कटिंग फ्युच्युरिटी ही स्पर्धा जिंकला, धाकटा ड्राय डॉक 1971 ची. एका जन्मात दोन नोकऱ्या, त्याही दोन्ही ठिकाणी पहिला नंबर.

खच्ची घोड्याला ही दुसरी नोकरी मिळत नाही आणि याची बोचणी सर्वांत जास्त लागली असेल ती स्कॅम्परच्या घरी. अमेरिकन घोडेस्वार शार्मेन जेम्सच्या वडिलांनी न्यू मेक्सिकोतल्या एका गुरांच्या फीडलॉटवरून अकराशे डॉलरला घेतलेला हा लाथाळ घोडा. त्याच्यावर बसून तिने 1984 ते 1993 अशी ओळीने दहा वर्षं बॅरल रेसिंगचं, म्हणजे पिंपांना वळसे घालत धावायच्या शर्यतीचं, जगज्जेतेपद घेतलं. 1985 च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत तर धावता धावता त्याच्या डोक्यावरचा लगाम निसटला आणि तरीही ती फेरी त्यानेच जिंकली. पण असा घोडा खच्ची! वंश तिथेच संपला. मग प्रयोगशाळा मदतीला धावली. त्याच्या पेशींपासून तंतोतंत तसाच घोडा, म्हणजे क्लोन, केला गेला आणि 2006 मध्ये क्लेटन जन्मला. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन क्लोनची नोंद करत नाही. इतर घोड्यांच्या क्लोनवरून तिला कोर्टात खेचलं गेलं, 2013 मध्ये ज्यूरीने तिच्याविरुद्ध कौल दिला आणि 2015 मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. क्लेटनवर मात्र या खेपेला कोणी सुरी चालवली नाही. त्याला अंडीलच ठेवला, पैदाशीसाठी. त्याला शिंगरं झाली, आणि त्यांतली नर शिंगरं दीडदोन वर्षांची झाली की तीच विचारपूस नव्याने सुरू : याला ठेवायचा, की करायचा खच्ची?