घाटमाथ्यावर चाळीस टक्के

आमच्या घराण्यात हवामानाचं खातं तात्यांकडे आहे. तात्या हवामानशास्त्र शिकलेले नाहीत. ते पुण्यात सिमला ऑफिसच्या समोर राहतात. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, इमारतीला सिमल्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच, पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं. आणि या हलवाहलवीत जी काही विद्या वाटेत सांडली ती आपल्या गॅलरीत येऊन पडली, अशी तात्यांची प्रामाणिक समजूत आहे. "आमच्या समोरच ठरतं ते," असं ते पावसाबद्दल म्हणतात.

तरीही जुलैत महाबळेश्वरला जायचं निघालं तेव्हा तात्यांना कोणी विचारलं नाही. आता घरात माणशी एक वेधशाळा आहे. शनिवारसाठी वहिनींच्या फोनवर ढग आणि तीन थेंब होते, आत्याच्या फोनवर वीज होती, तर भाच्याच्या फोनवर ढगाआडून सूर्य डोकावत होता. मेहुण्यांना घरी बसून मॅच बघायची होती, त्यामुळे त्यांनी चार अ‍ॅपं धुंडाळून अतिवृष्टी दाखवणारं पाचवं शोधून काढलं. लोक अंदाज बघून बेत करतात हे मला कधीच पटलेलं नाही. बेत आधी ठरतो, मग त्याला जुळणारं अ‍ॅप बघतात. जुन्या पिढीनं पत्रिकांच्या बाबतीत वेगळं काही केलं नव्हतं.

भाच्यानं तर जूनमध्येच जुलैतल्या त्या शनिवारचा निकाल लावला होता: दुपारी तीन वाजता हलक्या सरी. महिनाभर आधी, तासासकट! १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं संगणकावर हवामानाचं गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढंच भरलं, आणि गणितातले दोनेक महिने उलटेपर्यंत आभाळ पार निराळं झालं. तेव्हापासून जाणकार सांगत आलेत की अमुक दिवशी अमुक हवा हे दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. उद्या-परवाचं चांगलं कळतं, पाच दिवसांपर्यंत उपयोग होतो, पुढे पुढे अंदाज विरळ होत जातो. पण अ‍ॅपवाल्याला रकाना रिकामा ठेवायची लाज वाटते. आत्यानं पंचांग काढून त्या नक्षत्राचं वाहन बेडूक असल्याचं जाहीर केलं, तेव्हा भाचा फिदीफिदी हसला. महिनाभर आधीच्या अंदाजापुरतं बोलायचं तर मी बेडकाच्या बाजूनं आहे. त्यानं निदान वेळ दिलेली नव्हती.

शनिवारी पहाटे ट्रॅव्हलर निघाली. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळलो तेव्हा भाच्यानं वाचून दाखवलं, "पाऊस, चाळीस टक्के." गाडीत तीन पंथ झाले. मेहुण्यांच्या मते आपण दहा जण आहोत, म्हणजे चौघं भिजणार. आणि त्यांनी नजरेनं चौघं निवडलेही. वहिनींनी दिवसाचे तास मोजून चाळीस टक्के वेळ पाऊस असा हिशेब काढला आणि त्याप्रमाणे जेवणाची वेळ मागे ओढली. तात्या म्हणाले, "पस्तीसला पास. पाऊस पडणार."

खरा अर्थ या तिन्हींपेक्षा नीरस आहे. त्या ठिकाणी, त्या वेळात, पाऊस पडण्याची शक्यता दहात चार. किती पडणार याबद्दल त्या आकड्याला काही म्हणायचं नसतं. चार थेंब पडले काय आणि छप्पर उडालं काय, शक्यता तीच. आणि "त्या ठिकाणी" या दोन शब्दांकडे तर कोणाचंच लक्ष नव्हतं. फोन सुरूरला होता, म्हणून चाळीस टक्के सुरूरचे होते. आम्ही ते महाबळेश्वरला लावत होतो.

वाईला लख्ख ऊन. ढोल्या गणपतीच्या घाटावर भाच्यानं गॉगल लावला आणि सर्वांकडून माफीची अपेक्षा केली. पसरणी घाट अर्धा चढलो तसा समोरचा डोंगर ढगात गेला. पाचगणीत भुरभुर लागली. वेण्णा तलावापाशी वायपर जोरात फिरवूनही पुढे दिसेना, तेव्हा चालक काच पुसत म्हणाला, "आता आलं बगा महाबळेश्वर." दिसत काहीच नव्हतं, तो आवाजावरून सांगत होता.

इथे मला अ‍ॅपांची थोडी कीव येते. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर आपटतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळं पाणी माथ्यावर टाकून हलका होतो. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि खाली वाईला आठवा-दहावा हिस्सा. आता जगातली नावाजलेली मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. युरोपच्या मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या मॉडेलचा १३चा. पुण्यात पाषाणच्या हवामान संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम २०२५ साली सुरू झाली, तिचा ६चा. अशा चौकोनात उभा कडा सपाट होऊन जातो आणि पाऊस आजूबाजूला वाटला जातो. शिवाय ढग काही आखलेल्या रेषेवर थांबत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५च्या आत. ती गोष्ट विनोदाची नव्हे, पण "मुंबईत पाऊस" या दोन शब्दांत काय काय मावतं ते तिच्यातून कळतं.

महाबळेश्वरातला दिवस सांगण्यासारखा नाही, कारण तो दिसला नाही. घरांना गवताच्या झड्या लावलेल्या होत्या आणि गावानं पावसाकडे पाठ केली होती. आम्ही पैसे भरल्याप्रमाणे सर्व पॉइंट केले. पावसाळ्यात आर्थर सीट आणि केट्स पॉइंट यांत फरक फक्त पाटीचा असतो. दोन्हीकडे आम्ही कठड्याला धरून पांढऱ्या धुक्याकडे कौतुकानं बघत उभे राहिलो. विल्सन पॉइंटला तात्या म्हणाले, "काय व्ह्यू आहे!" कोणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी हॉटेलात दिवे गेले. इथल्या माणसाला तरी विचारावं म्हणून आत्यानं रखवालदाराला गाठलं. "मामा, उद्या उघडेल का हो?" तो घोंगडीतून हात बाहेर काढत म्हणाला, "तेच तुमास्नी इचारणार हुतो. तुमच्या मोबाइलला रेंज हाय का?" पाषाणच्या त्याच संस्थेनं २०१२ साली महाबळेश्वरात ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. ढग खिडकीतून आत येतात अशा गावात ती असणं रास्तच. रखवालदाराला तिची माहिती होती. "ती मानसं बी छत्री घिऊनच फिरत्यात," तो म्हणाला.

रविवारी नवा वाद. बातम्यांत महाबळेश्वरचा रविवारचा पाऊस मोठा सांगत होते आणि मेहुणे म्हणत होते, रविवार तर आत्ता कुठे उजाडलाय. पाऊस मोजतात सकाळी साडेआठला, मागच्या चोवीस तासांचा. त्यामुळे शनिवारी आमच्या डोक्यावर पडलेला बहुतेक पाऊस रविवारच्या नावावर जमा झाला होता. मेहुण्यांना यात सरकारी खात्याची नेहमीची पद्धत दिसली.

माझं विचाराल तर घाटात जाताना मी त्या हसऱ्या सूर्यांकडे बघत नाही, हवामान खात्याच्या रंगांकडे बघतो. तेही सबंध सातारा जिल्ह्याचे नव्हेत, कारण त्यात महाबळेश्वरही येतं आणि दुष्काळी माणही. अलीकडे साताऱ्याचा घाटमाथा वेगळा दाखवतात, तो. चोवीस तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ ओलांडलं की त्याच्याही पलीकडचा. रंग लाल असला तर आंबेनळी घाटात दरड कुठे येईल यावर अ‍ॅपशी चर्चा करू नये, घरी भजी करावीत. आमच्या शनिवारी रंग पिवळा होता: लक्ष ठेवा. दहा माणसांत ते एकानंही ठेवलं नव्हतं, कारण प्रत्येक जण आपापला ढग दुसऱ्याला दाखवत होता.

परतीला वाईत पुन्हा कडक ऊन. चहाच्या टपरीपाशी आम्ही उतरलो ते सगळे बरोबर ठरूनच. भाच्याचं ऊन वाईत पडलं होतं, वहिनींचे तीन थेंब पाचगणीत, मेहुण्यांची अतिवृष्टी माथ्यावर, आणि आत्याची वीज हॉटेलातून गेली ती आलीच नव्हती. तात्या तर म्हणालेच होते.

शेजारी एक पुणेरी कुटुंब वर निघण्याच्या बेतात होतं. त्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "वर पाऊस आहे का हो?" आम्ही दहाही जण एकदम बोललो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आमच्या कपड्यांतून निथळून फरशीवर साचलेलं पाणी पाहिलं, आणि मग खात्री करून घ्यायला खिशातून फोन काढला.

"चाळीस टक्के दाखवतंय," ते बायकोला म्हणाले. "रेनकोट डिकीतच राहू देत."