नव्या गाडीला लाखाचं पांघरूण!

अहो, ऐकलंत का? पांढुर्ण्यात एका घरी नवी गाडी आली. आजी ओवाळणीचं ताट घेऊन पुढं झाल्या, ओल्या कुंकवाचं बोट बॉनेटला टेकवणार, तेवढ्यात नातवानं हात धरला. "आजी, थांब नं! सात दिवस काहीच लावाचं नाही. सिरॅमिक केलं हाय."

"म्हंजे काय केलं रे बाप्पा?"

"कोटिंग. तीस हजार लागले."

तीस हजार मोजूनही स्वतःच्या गाडीवर स्वस्तिक काढता येत नसेल, तर मग पैसे दिले कशाचे, हा आजींचा प्रश्न. नातू अजून त्यावर उत्तर शोधतोय.

आणि हे एकाच घरचं नाही बरं का! पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून सुटून जिल्हा झाला, सौंसर सोबत आलं, आणि जिल्हा म्हटल्यावर जिल्ह्याला शोभेलसं काही नको का? पूर्वी संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले की बगीचेवाला ट्रॅक्टर घ्यायचा, फार तर घरावर एक मजला चढवायचा. आता गाडी घेतो. आणि गाडी कोणती घेतली हे विचारायचे दिवसही गेले. पानठेल्यावर पहिला प्रश्न असतो, "पीपीएफ मारली का नाही भाऊ?" (म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म.) नाही म्हणालात तर समोरचा अशा नजरेनं पाहतो, जणू तुम्ही पोराला बिनकपड्यानं वरातीत नेलंय.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ला सरकारनं जीएसटी उतरवला. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर आधी उपकर धरून २९ टक्के लागायचे, ते १८ झाले. आठ लाखांच्या गाडीत सत्तर हजारांच्या आसपास वाचले. घरात आनंदीआनंद. पण शोरूममधल्या पोराला तुमचे वाचलेले पैसे तुमच्याआधी दिसतात! त्यानं गोड आवाजात 'प्रोटेक्शन पॅकेज' काढलं आणि त्या सत्तर हजारांना तिथल्या तिथं वाट दाखवली. वर त्या पॅकेजवर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे कर वाचला म्हणून कर भरला. वा रे वा!

तसं बघायला गेलं तर वस्तू झाकून ठेवायची हौस आपल्याला नवी नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल. गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक दोन-दोन उन्हाळे काढायचं नाही, मग पाठ घामानं चिकटली तरी चालेल. फरक एवढाच, ते प्लॅस्टिक फुकट होतं.

आता जरा आतली गोष्ट सांगते. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यातच थरावर थर चढतात. गंज रोखणारा एक, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यांच्या वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरा, म्हणजे दोन केसांएवढी ही सगळी दौलत. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. ऊन तोच अंगावर घेतो, चकाकीही त्याचीच. म्हणजे कंपनीनं गाडीला एक पांघरूण आधीच दिलेलं असतं, आणि त्याचे पैसे तुम्ही गाडीच्या किमतीत भरलेले असतात. हे शोरूममध्ये कोणी सांगतं का? अजिबात नाही.

यावर सिरॅमिकवाला काय लावतो? सिलिकावर आधारलेला एक द्रव. सुकल्यावर त्याचा थर एखाद-दोन मायक्रॉनचा. तीस हजारांत दोन मायक्रॉन! सराफसुद्धा इतका बारीक हिशेब करत नाही.

पण दुकानातला खेळ बघावा तो! आधी बॉनेटवर पाणी ओततात, ते मोत्यांसारखं घरंगळतं. मग मार्करनं रेघ मारून पुसून दाखवतात. शेवटी लायटरचं तेल शिंपडून चक्क काडी लावतात. भकक्! गिऱ्हाईक छातीवर हात ठेवतं. ज्वाळा विझते, बॉनेट तसंच. टाळ्या! अहो, जळते ती तेलाची वाफ, तीही दोन-चार सेकंद. कोटिंग नसलेलं बॉनेटही बहुधा एवढं सोसतं. (म्हणून घरी करून बघू नका, आमच्याकडं उत्साही लोक फार.)

आणि ते '९ एच' प्रकरण! पोरगा असं म्हणतो की वाटावं आता हिराच फासणार आहे. ९ एच ही पेन्सिल आहे हो, पेन्सिल! शाळेत एचबी असते ना, तिच्याच कुळातली चांगलीच कडक. ठरलेल्या वजनानं ती रंगावर ओढतात आणि ओरखडा उठतो का ते बघतात. हिऱ्याची ती १०वाली मोजपट्टी वेगळी, तिच्याशी याचा काडीचा संबंध नाही. सौंसरच्या बाजारात तुमच्या दाराला घासून जाणाऱ्या मोटरसायकलीचं हँडल पेन्सिलीचं नसतं.

बरं, मग सिरॅमिक अगदीच थापेबाजी का? तसंही नाही. धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, चकाकी टिकते. जो माणूस दर रविवारी स्वतः बादली घेऊन गाडी धुतो, त्याला त्याचं सुख मिळेल. पण आपल्याकडं पाणी कोणतं? बोअरचं, क्षारांचं. ते मोती बॉनेटवर तसेच सुकले की प्रत्येक मोत्याच्या जागी पांढरा ठिपका उरतो, आणि मे महिन्याच्या उन्हात तो चांगला रुततो. कोटिंग असलं तरी पुसून घ्यावंच लागतं. मग तीस हजार देऊन हात थांबला कुठं?

जामसावळीला जाऊन आलात तर आणखी मजा. नवी गाडी घ्यायची आणि झोपलेल्या मारुतीरायासमोर न्यायची नाही, असं या भागात कोण करेल? तिथं हार, नारळ, शेंदूर, तेल सगळंच होतं. सिरॅमिकवाल्याचं पथ्य आठवड्याचं, मुहूर्त उद्या शनिवारचा! एका पठ्ठ्यानं म्हणे स्वस्तिक काचेवर काढून घेतलं आणि नारळ चाकापासून चार हात लांब फोडला. देवाला नमस्कारही त्यानं तसाच लांबून केला का, ते विचारायचं राहिलं.

शोरूमवाल्याच्या टेफ्लॉन कोटिंगबद्दल तर बोलूच नका. तव्यावरचं टेफ्लॉन तव्याला धरावं म्हणून तीनशे अंशांच्या वर तापवतात. गाडीला तेवढं तापवलं तर दारात गाडीचा सांगाडा येईल. मग चार-पाच हजारांत ते जे फासतात ते काय? चांगलं पॉलिश, दुसरं काय! दोन-चार महिने चमकतं. पॉलिशच हवं असेल तर पॉलिशच्या भावात घ्या.

उरली पीपीएफ, आणि इथं मात्र मी जरा आवाज खाली घेते. ही खरी फिल्म आहे, दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूनं झिजू नयेत म्हणून असली फिल्म वापरात आली, तिथून ती आपल्या अंगणात. नागपूर-भोपाळ रस्त्यावर ट्रकच्या चाकातून उडणारा खडा हिच्यावर आदळतो, रंग वाचतो. बारीक ओरखडे उन्हात आपोआप मिटतात, आणि ऊन तर आपल्याकडं फुकट. पण किल्लीनं कोणी मुद्दाम रेघ ओढली तर ती फिल्मही फाडते, हे लक्षात असू द्या.

अर्थात खड्याखड्यातही फरक असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, नदीत पळसाचं झाड रोवलेलं असतं आणि गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, सुरू होते. त्या दिवशी नदीकाठी गाडी लावून कोणी पीपीएफचा भरवसा धरत असेल, तर त्याला फिल्मची नाही, दुसऱ्या कसल्या तरी उपचारांची गरज आहे.

फिल्मच्या भावाचं ऐकाल तर पूर्ण गाडीला सत्तर हजारांपासून दोन लाखांपर्यंत. गावातला डेंटिंगवाला एक पत्रा तीन-पाच हजारांत रंगवतो. कारखान्यात भट्टीत भाजलेल्या रंगाची सर त्याला येत नाही, हे खरं. म्हणून मूळ रंग राखायला थोडा खर्च पटतो. पण छतालाही फिल्म? छतावर खडा कोण मारणार, वरून विमान जाताना?

वॉरंटीचा कागद तर वाचाच. पाच वर्षं मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात, दरवर्षी पैसे देऊन त्याच दुकानात तपासणी. दुकान नागपुरात. पांढुर्ण्याहून जाऊन-येऊन दोनेकशे किलोमीटर, तेही खडे उडणाऱ्या त्याच रस्त्यानं! स्वस्त फिल्म पीव्हीसीची असते, लवकर पिवळी पडते. पांढरी गाडी वर्षा-दोन वर्षांत हळद लागल्यासारखी दिसली की मग दुकानाचा फोन लागत नाही. आणि जी गाडी डिलिव्हरीआधीच मळक्या फडक्यानं पुसून ओरखडली, तिच्यावर कोटिंग चढवलं की ते ओरखडेही मुरांब्यासारखे छान टिकतात. शोरूमला आधीच सांगा, "धुऊ नका, जशी आली तशी द्या."

माझा निकाल विचाराल तर टेफ्लॉनला लांबूनच नमस्कार. गाडी गावातच फिरत असेल तर दोन चांगली मायक्रोफायबर फडकी, शाम्पू आणि सावली, हजाराच्या आत काम भागतं. पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढा, उन्हात ती रंग खाते. रोज नागपूरला ये-जा असेल तर बंपर, बॉनेट, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्यालाच टीपीयूची (पीव्हीसीची नव्हे) फिल्म लावा, बाकी पैसे घरी ठेवा. सिरॅमिक हौस असेल तरच, आणि शोरूमबाहेर दोन ठिकाणी भाव काढून. पॅकेज घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. बिलावर फिल्मचं नाव, जाडी आणि वॉरंटीच्या अटी उतरवून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि आजींना स्वस्तिक आधी काढू द्या, कोटिंगवाला सोमवारी पण येतो.