घोडा तयार, नाल बीजिंगला

नाल सापडली म्हणून घोडा घ्यायला निघालेल्याची आपण आजवर टिंगल केली. 2025च्या जुलैत बजाज ऑटोच्या आकुर्डीत नेमकं उलटं झालं. घोडा तयार, नालच नाही. इलेक्ट्रिक चेतक स्कूटरच्या मोटरला लागणारं चुंबक चीनमधून येतं आणि 4 एप्रिलपासून चीनने त्याच्या निर्यातीला परवान्याची अट घातली होती. ऑगस्टमध्ये उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं कंपनीचे प्रमुख राजीव बजाज यांनी जाहीरच सांगून टाकलं. गाडीच्या किमतीत या चुंबकाचा वाटा 5 टक्केसुद्धा नाही. पण चाकणच्या कुठल्याही पर्चेसवाल्याला विचारा, लाइन नेहमी चिल्लर पार्टसाठीच थांबते.

बरं, चीनचं हे भांडण आपल्याशी नव्हतंच. ट्रम्प यांनी आयातशुल्क वाढवलं, चीनने चुंबकं अडवली. सुक्याबरोबर ओलं जळालं ते आपलं.

चुंबक हवं तर हमीपत्र द्या. माल कुठे वापरणार ते लिहा, महासंहारक शस्त्रात जाणार नाही असं लिहा. त्यावर आपल्या सरकारी खात्यांची मान्यता, दिल्लीतल्या चिनी वकिलातीचा शिक्का, मग चिनी विक्रेत्यामार्फत तो कागद बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयात. थोडक्यात, संध्याकाळी भूमकर चौकाच्या कोंडीत जागची न हलणारी स्कूटर जगाच्या विनाशाला निघालेली नाही, हे आपण चीनला लेखी कळवायचं.

आणि हे कोणी कळवायचं? ज्या आकुर्डी-चाकण-तळेगाव पट्ट्याने पाचच वर्षं आधी चीनला धडा शिकवला त्याने. 15 जून 2020 रोजी राज्य सरकारने चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी 3,770 कोटींचा करार केला. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ती कंपनी घेणार होती. त्याच रात्री गलवानमध्ये आपले 20 जवान शहीद झाले. करार थांबला, आणि थांबणं समजण्यासारखंच होतं. पण धडा शिकला कोण? डिसेंबर 2020 मध्ये कारखान्याचं उत्पादन बंद पडलं, हजारावर कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढू लागले. 2022च्या मध्यावर ग्रेट वॉलने नाद सोडला, 2023 मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला. राष्ट्रप्रेमाचं बिल फाटलं ते गेटबाहेरच्या माणसाच्या नावाने.

आता 2025चा ऑगस्ट पाहा. रशियाचं तेल घेता म्हणून अमेरिकेने आपल्यावर आणखी 25 टक्के दंड ठोकला. एकूण 50 टक्के, लागू 27 ऑगस्टपासून. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. विघ्नहर्त्यालाही तारीख कळवलेली दिसत नाही. त्याआधी आठवडाभर चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन खतं, बोगदे खोदायची यंत्रं आणि दुर्मिळ खनिजं यांचं आश्वासन देऊन गेले होते. चतुर्थीनंतर चार दिवसांनी मोदी तिआनजिनमध्ये शी जिनपिंग यांच्यासमोर बसले, सात वर्षांत पहिल्यांदाच चीनमध्ये. पुढच्या आठवड्यात ट्रम्प यांनीच लिहिलं की भारत आणि रशिया चीनच्या वाटेने गेले. अहो, वाट कोणी दाखवली? निर्बंध लावणाऱ्याला वाटतं समोरचा एकटा पडेल. समोरचा मात्र कालच्या वैऱ्याचं दार वाजवतो.

रशियाचं कच्चं तेल सर्वांत जास्त घेतो तो चीन. त्याला तेव्हा दंड झाला नाही. माझ्या मते कारण एकच: चुंबक अमेरिकेच्या कारखान्यांनाही लागतं. 30 ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले, चीनने त्याच महिन्यात जाहीर केलेले नवे निर्बंध वर्षभरासाठी बाजूला ठेवले, अमेरिकेने शुल्क उतरवलं. भांडणारे दोघं हस्तांदोलन करून घरी गेले. आपल्यावरचं 50 टक्के शुल्क तेव्हा तसंच होतं.

चेतकचा पुरवठा 20 ऑगस्टपासून पुन्हा सुरू झाला, सणाचं बुकिंग वाचलं. दिल्लीलाही जाग आली: 26 नोव्हेंबरला देशातच वर्षाला 6,000 टन चुंबकं बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना मंजूर झाली. मुदत सात वर्षं, त्यातली पहिली दोन नुसती कारखाने उभारण्यात जाणार. तोवर पर्चेस खात्यात भरती करताना उमेदवाराला चिनी येते का, एवढं विचारून घ्या.