अंगठा तीस, करंगळी सात

कोविडच्या पुढच्या वर्षी भिवंडीच्या एका गाळ्यात कंटेनर खाली करताना थप्पी कलली आणि एका हमालाच्या अनामिकेचा शेंडा पॅलेटखाली राहिला. यात बातमी काहीच नाही. बातमी ही, की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस बिस्किटांचे दोन पुडे घेऊन खोलीवर आला, पट्टी बांधलेला हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मामा, हाड शाबूत आहे ना? मग देवाची कृपा म्हणा." मामांना वाटलं, माणूस मायाळू दिसतोय. मायाळू कसला, तो हिशेब करत होता.

कारण हाडाला भाव आहे. 1923 च्या भरपाई कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे आणि तीत माणसाच्या अवयवांचे टक्के लावून ठेवले आहेत. अनामिका किंवा करंगळी मुळापासून गेली, तर कमाईची ताकद 7 टक्के गेली. दोन पेरं गेली तर 6, एक गेलं तर 5. नुसता शेंडा उडाला, हाड राहिलं, तर 2. मामांचं वय तेव्हा 40. हिशेबाला धरायचा पगार जास्तीत जास्त 15,000. त्याचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक 184.17, आणि जे येईल त्याचे हे टक्के. हाडासकट पेर गेलं असेल तर 82,876 रुपये. हाड राहिलं असेल तर 33,150. चिमूटभर हाडाचे जवळजवळ पन्नास हजार. दावा अजून चालू आहे आणि वाद एवढाच आहे, की ते चिमूटभर मामांकडे आहे की पॅलेटखाली गेलं.

पाचही बोटं सारखी नसतात, हे आपल्याकडे आज्या सांगत आल्या. कायद्याने ते टक्क्यांत मांडलं. अंगठा 30. तर्जनी 14, ती महाग असणारच, 'हा आमचा माणूस नाही, त्यांचा' असं दाखवायला ठेकेदाराला तीच लागते. मधलं 12. उरलेली दोन सात-सात, त्यांत डावंउजवं केलेलं नाही. इथवर ठीक. पण हीच यादी पुढे वाचत गेलं की घाऊक आणि किरकोळ असे दोन भाव लागतात. चार बोटं सुटी सुटी गेली तर बेरीज 40, एका हाताची चारही एकदम गेली तर 50. म्हणजे घाऊकात फायदा. अनामिका आणि करंगळी वेगवेगळी गेली तर 14, जोडीने गेली तर 20. इथेही घाऊकच बरं. पण तर्जनी आणि मधलं सुटं सुटं 26, आणि जोडीने गेलं तर तेच 20. इथे किरकोळीतच जावं. अंगठ्यासकट पाचही गेली तर 60. आता अंगठ्याचे 30 आणि बाकी चारांचे 50 मिळून 80 होतात, असं चौथीतलं पोरही सांगेल. पण पोराला कुठल्या गिऱ्हाईकाला सवलत द्यायची नसते. तेव्हा तमाम हमालबंधूंना विनंती, की थप्पी कोसळू लागली की घाबरून हात मागे ओढू नये. शांतपणे बेरीज करावी, कोणती बोटं आत ठेवायची ते ठरवावं, मगच ओरडावं. फोर्कलिफ्टजवळ काम करणाऱ्यांनी खिशात मोजपट्टीही ठेवावी. कोपराच्या टोकापासून 11.43 सेंटिमीटर खाली एक सीमारेषा आहे. हात तिच्या अलीकडे तुटला तर 70 टक्के, तिच्यावर किंवा पलीकडे तुटला तर 60.

मधल्या काळात कायद्याचं नाव बदललं, आता तर तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत जाऊन बसला. यादी मात्र इकडून तिकडे सहीसलामत पोहोचली. गोदामातून इतकं सहीसलामत बाहेर पडलेलं दुसरं काही ऐकिवात नाही.

आता प्रश्न, पैसे द्यायचे कोणी? पूर्णा, काल्हेर, माणकोली, दापोडे, कुठल्याही गाळ्यात जा, रचना एकच. माल एकाचा, गाळा दुसऱ्याचा, फोर्कलिफ्ट भाड्याची, माणूस ठेकेदाराचा. बोट तेवढं स्वतःचं. ईएसआयचं कार्ड असतं तर दावा तिकडे गेला असता. पण कार्डासाठी हजेरीपटावर नाव लागतं, आणि हजेरी मुकादमाच्या खिशातल्या डायरीत असते. अपघात झाला की ती डायरी पहिली हरवते.

या वादात आमच्याकडे एक फार जुना दाखला आहे. एकलव्याने अंगठा दिला, तो दावा लागला असता तर काय झालं असतं? गुरुजींचे वकील उभे राहिले असते: अर्जदार आमच्या हजेरीवर कधीच नव्हता. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही. आमच्या अशिलाचा मातीचा पुतळा करून त्यासमोर कोणी परस्पर सराव केला, तर त्याला मालक-नोकर संबंध म्हणत नाहीत. शिवाय अंगठा अर्जदाराने स्वतःच्या हाताने, राजीखुशीने कापला. यंत्राला संरक्षक जाळी होती की नाही हा मुद्दाच उद्भवत नाही. पगार शून्य, तेव्हा शून्याचे 60 टक्के शून्य. त्यातून अर्जदार नंतर उरलेल्या बोटांनी बाण मारताना दिसला आहे, म्हणजे कमाईची ताकद शाबूत. अंगठ्याबरोबर तळहातातलं हाडही गेलं असेल तर 30 चे 40 होतात. पण व्यासांनी एक्स-रे जोडलेला नाही. मूळ मालक म्हणून हस्तिनापूरला नोटीस काढावी, तर दरबार म्हणणार, आम्ही शिक्षणाचं काम गुरुजींना ठेक्याने दिलं होतं, माणसं त्यांची त्यांनी पाहावीत. दावा दोन वर्षांत लावायचा होता, इथे युग उलटलं. शेवटी तडजोड ठरते, एक गाय आणि 'माझी काही तक्रार नाही' असा कागद. कागदावर अंगठा उठवायला सांगतात, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात येतं.

मामांनाही तसाच कागद आणला होता. रक्कम रोख दहा हजार, मजकूर असा: 'घरी मोरीत पाय घसरून पडलो.' मोरीत पडलं की बोटाचा शेंडा सपाट होतो, हे नवल भिवंडीत नेहमी घडतं. आणि त्याच गाळ्यात, त्याच थप्पीतल्या ज्या खोक्याचा कोपरा दबला, त्याचा पंचनामा त्याच संध्याकाळी झाला. चारी बाजूंनी फोटो, बारकोड, वेळ, सुपरवायझरची सही, विम्याकडे मेल. खोका मोरीत पडला होता, असं कोणी लिहिलं नाही. खोक्याला कोणी विचारलं नाही, की बाबा, तू नक्की आमचाच ना?

इथे मला हसू येत नाही. ती यादी जुनी आहे, ओबडधोबड आहे, आणि तिची बेरीज जुळत नाही. पण तिच्यात आकडा तरी आहे! त्याच कायद्यात असंही लिहिलं आहे, की ठेकेदाराच्या माणसाला लागलं तरी ज्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाने भरपाई द्यायची, आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. पैसे महिन्यात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. आणि हक्क सोडल्याचा खासगी कागद म्हणजे रद्दी. हे सगळं ठेकेदाराला पाठ आहे. त्याच्या माणसाला आहे, मुकादमाला आहे, गाळामालकाच्या पुतण्याला आहे. ज्याची बोटं आहेत त्याला सोडून पंचक्रोशीत सगळ्यांना आहे. म्हणून दहा हजारात भागतं. धंदा बोटांवर चालत नाही, बोटवाल्याला भाव माहीत नसण्यावर चालतो.

तेव्हा मागणी एकच. ही यादी प्रत्येक गाळ्याच्या शटरवर मराठीत आणि हिंदीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लावा. नवा कायदा नको, समिती नको, अभ्यासदौरा तर नकोच. एक फ्लेक्स लागेल. भिवंडी-ठाणे रस्त्यावर भाऊंच्या, दादांच्या आणि त्यांच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाला जेवढा फ्लेक्स लागतो, त्याच्या एका कोपऱ्यात पायाच्या बोटांसकट अख्खी अनुसूची मावेल. खर्चाचं कारण सांगू नका. जागा नाही म्हणून तर मुळीच सांगू नका.