वेताळाचे वऱ्हाडी

लग्नपत्रिका जपून ठेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. परंतु ज्या लग्नाचे आपल्याला आमंत्रण नव्हते, जे 1977 साली डेंकालीच्या अरण्यात लागले, आणि ज्यातील वराने बोहल्यावरही मुखवटा उतरविला नाही, त्या लग्नाचा दाखला म्हणून इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक तांबड्या रुमालात बांधून वतनाच्या सनदेप्रमाणे सांभाळणारे गृहस्थ मला एकच ठाऊक आहेत, आणि ते म्हणजे आमचे सातारकर.

उभी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे त्यांच्या संग्रहाची रीतसर फिरिस्त आहे. अंक पाहावयाचा, तर प्रथम हात धुवावे लागतात, नंतर ते पुसून दाखवावे लागतात, आणि मग रुमालाची गाठ सुटेपर्यंत फिरिस्तीतील कैफियत ऐकावी लागते : “मुखपृष्ठ शाबूत. टाचण्या गंजलेल्या. नवरीस पेन्सिलीने मिशा काढलेल्या, खोडू नयेत.” मिशा त्यांच्या धाकट्या बंधूंनी चौथीत असताना काढल्या. त्या कारणावरून दोघांत पुढे कित्येक वर्षे बोलणे नव्हते, असे म्हणतात; वाड्याच्या वाटणीचाही काही मामला होता म्हणा.

त्या लग्नातील नवरा वेताळ आणि नवरी डायना यांच्याविषयी ते मुलीकडच्या वडीलधाऱ्यासारखे बोलतात. “ली फॉक यांनी वेताळ आणला 1936 साली. म्हणजे पोरीला एक्केचाळीस वर्षे ताटकळत ठेवली! आमच्याकडे एवढ्या अवधीत नवऱ्यामुलाची षष्ट्यब्दी उरकली असती.” या लग्नास जादूगार मँड्रेक आपला साथीदार लोथार याच्यासह जातीने हजर होता, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो आणि लगेच काळवंडतो, कारण मँड्रेकचे स्वतःचे लग्न नार्डाशी लागले 1997 साली, तेही तीन ठिकाणी, तीन समारंभांनी, आणि 1964 च्या मार्चात सुरू झालेले इंद्रजाल तर 1990 सालीच बंद पडलेले. “तीन-तीन मांडव पडले, आणि आम्हाला मराठीत साधी अक्षत नाही!” एवढे बोलून ते चष्मा पुसतात.

या प्रांतात त्यांचे एकमेव प्रतिस्पर्धी सांगलीस राहतात. ते हळदीचे अडते. 2019 च्या महापुरात कृष्णामाई उंबऱ्याशी आली, तेव्हा या सांगलीकरांनी सर्वांत आधी माळ्यावर चढविली ती कॉमिक्सची पत्र्याची पेटी. स्वतःच्या लग्नाचा आल्बम खालीच राहिला. घरच्या बाईंनी यावर काय उद्गार काढले, ते सांगलीकर सांगत नाहीत, परंतु अद्याप त्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागतो.

खरी गोम निराळीच आहे. सातारकरांच्या अंकातील मधला कागद टाचण्यांतून निसटून केव्हाच गहाळ झाला, आणि प्रत्यक्ष लग्न नेमके त्याच चार पृष्ठांवर आहे. म्हणजे ज्या सोहळ्यासाठी हा माणूस जन्मभर झुरला, तो त्याने बालपणानंतर पाहिलेलाच नाही! सांगलीकरांकडे मधला कागद आहे, मुखपृष्ठ नाही. दोहोंचा मिळून एक अंक करावा, एवढी साधी गोष्ट. परंतु कोणाच्या कागदांनी कोणाच्या घरी जावयाचे, यावर तीन वर्षे बोलणी चालू आहेत.

मागल्या बैठकीस मी मध्यस्थ म्हणून गेलो होतो. स्थळ पेठ नाक्यावरील चहाचे दुकान, उभयपक्षी वाटेतलेच. सातारकरांनी कंदी पेढे आणले होते, सांगलीकरांनी भडंग. दोन्ही अंक टेबलावर शेजारी शेजारी ठेवण्यात आले, चहाचे पेले दुसऱ्या टेबलावर हलविण्यात आले, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

“मुखपृष्ठावाचून घराण्याची ओळख काय?” शेवटी सातारकर म्हणाले. “मधला कागद आमच्याकडे यावा, हे उघड आहे.”

सांगलीकरांनी आपला अंक उचलून त्यांच्या नाकाशी धरला. वखारीत राहून राहून त्यास हळदीचा घमघमीत वास येत होता.

“हळद आमच्या अंकाला लागली आहे, रावसाहेब,” ते म्हणाले. “वऱ्हाड तुम्ही घेऊन या.”

पेढे आणि भडंग यांची मात्र अदलाबदल झाली. पुढील बैठक चातुर्मास उलटल्यावर ठरली आहे.